चिठ्ठी फक्त वरच्या कडेने

१२ जानेवारी

चि. टिकलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी ईमेल पोचली. पण ईमेल कामाला आणि पत्र माणसाला, हा माझा नियम तुला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून उत्तर टपालाने. लेख संकेतस्थळावर लागला! मी तीनदा उघडून पाहिला. मामीने एकदाच पाहिला आणि म्हणाली की अक्षरं मुंग्यांएवढी आहेत, तिला कागदावर पाहिजे. मग तीच कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन बावीस पानं छापून घेऊन आली. तेव्हापासून ती मला जगप्रसिद्ध म्हणून हाक मारते. जगप्रसिद्धांनी दूध उतू घालवलं, जगप्रसिद्धांचे मोजे दारात पडलेत, असं दिवसभर चालू असतं.

थट्टा जाऊ दे. पाणीखात्यात मी तलावाची पातळी मोजून पोट भरलं, आणि जेवणाच्या सुट्टीत तलावाच्या भिंतीवर अगदी सावकाश पसरणाऱ्या दगडफुलांची रुंदी मोजली. सतरा करडे ठिपके, तीस वर्षं, दर वर्षी त्याच तारखेला. खात्यातले लोक मला ठिपकेवाला म्हणायचे. आज तुमच्या त्रैमासिकाने त्या ठिपकेवाल्याचा लेख घेतला, आणि तू सांगतेस की पहिल्याच आठवड्यात अकरा देशांतून तो उघडला गेला. माझा तलावाच्या पातळीवरचा जुना छापील लेख आठवतो ना? संपादकांकडे तीन वर्षं पडून होता. छापला तेव्हा प्रती दोनशे, आणि वाचणारे माझ्या माहितीप्रमाणे सात. त्यात एक तुझी आई, ती भावाच्या प्रेमाने.

त्या लेखात एक तक्ता उलटा छापला गेला होता. तेव्हा मी दोन उन्हाळे एसटी आणि रेल्वेने हिंडून चाळीस ग्रंथालयांत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवून आलो. खळ मामी करून द्यायची. चिठ्ठी फक्त वरच्या कडेने चिकटवायची, म्हणजे वाचणाऱ्याला ती उचलून खालची चूकही पाहता येते. चूक दुरुस्त करावी, गाडून टाकू नये. आता तू मला परवलीचा शब्द दिला आहेस, तेव्हा काना-मात्रा घरबसल्या सुधारता येतील. काय सुख आहे!

मामीचा आशीर्वाद. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
मामा

---

२५ जानेवारी

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून ऑफिसात एकटीच हसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं मला बढती मिळाली.

बातमी ऐका. तुमच्या लेखाचा आकडा चौदा देशांवर गेला. समुद्रापलीकडच्या एका संशोधक मुलीने मला लिहिलं. तिच्या गावात ओढ्यावर एक दगडी पादचारी पूल आहे. तो गावातल्या मोठ्या पुराच्या आधीचा की नंतरचा, यावर तिचा प्रबंध आहे. कागदपत्रं त्याच पुरात वाहून गेली. पूर आला त्याला शंभर वर्षं झाली. पुलावरचा सर्वांत मोठा ठिपका त्रेसष्ट मिलिमीटरचा आहे. तुमच्या लेखात वाढ वर्षाला ०.६ मिलिमीटर दिली आहे, ती घेतली तर पूल एकशे पाच वर्षांचा, म्हणजे पुराआधीचा ठरतो. चार वर्षं तिला असाच आकडा कुठे मिळत नव्हता. ती लिहिते, तुमच्या त्या ठिपकेवाल्या काकांना माझा नमस्कार सांगा. तुमचा लेख कुठल्या कपाटात कुलूपबंद असता तर तिला जन्मात सापडला नसता, मामा. मला या नोकरीचा अभिमान वाटतो तो अशा दिवशी.

सगळं काही गोड नाही, हेही सांगते. आमच्याच ओळखीचं एक त्रैमासिक गेल्या वर्षी बंद पडलं. चालवणारे गृहस्थ वारले, संकेतस्थळाचं नूतनीकरण कुणी केलं नाही, आणि नऊ वर्षांचे लेख एका सकाळी गायब. छापील असते तर निदान रद्दीवाल्याकडे तरी सापडले असते. म्हणून मी आमच्या संगणकवाल्याच्या मागे लागले आहे की प्रत्येक गोष्टीची जादा प्रत ठेव. तो म्हणतो जागा पुरत नाही.

आणि हो, परवलीचा शब्द फक्त काना-मात्रांसाठी आहे हं. हे नियमात बसत नाही, तुम्ही घरचे म्हणून दिलाय. मुख्य संपादकांच्या कानावर गेलं तर माझी धडगत नाही.

मामीला सांगा, जगप्रसिद्धांना जास्त डोक्यावर चढवू नको. प्रेम आहेच, त्यात भर पडत राहो.

तुमची,
टिकली

---

९ मार्च

चि. टिकलीस अनेक आशीर्वाद.

त्या मुलीला माझाही नमस्कार कळव. पूल, ओढा आणि ठिपका यांचा फोटो असल्यास पाठवायला सांग.

इकडे मजा झाली. मामी खिडकीचे पडदे शिवत होती. नव्या टेपने मोजले तर एक माप, तिच्या मशीनच्या खणातल्या जुन्या पोलादी पट्टीने मोजले तर दुसरं. पट्टी तीन मिलिमीटर जास्त दाखवते! चौकशी केली तर बाईसाहेब शांतपणे सांगतात की लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्या पट्टीने मशीनचे स्क्रू पिळून पिळून टोक वाकडं झालं, म्हणून धारवाल्याकडून घासून सरळ करून घेतलं. म्हणजे शून्याकडचे तीन मिलिमीटर धारवाल्याच्या चाकावर गेले. आणि मी पहिली पंधरा वर्षं ठिपके मोजले ते याच पट्टीने! नंतर खात्यातून चांगलं मापयंत्र मिळालं.

तेव्हा सोळाव्या वर्षी सगळे सतरा ठिपके अचानक आक्रसल्यासारखे दिसले होते. मी मूर्खाने लेखात त्यावर पाऊण पान लिहिलं की त्या वर्षी दुष्काळ होता म्हणून. सतराच्या सतरा सारखेच कसे आक्रसले, हा प्रश्न एकदाही पडला नाही. तीस वर्षांची वाढ अठरा नाही, एकवीस मिलिमीटर. वर्षाला ०.६ नाही, ०.७.

पण घाबरू नकोस, सगळं निस्तरलं. परवा सकाळी चहा गार व्हायच्या आत आकडा बदलला, दुष्काळाचं पाऊण पान काढून टाकलं, तक्ते नीट केले. आठ मिनिटं! मागे याच कामाला दोन उन्हाळे गेले होते. कुणाला पत्ताही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमचं हे इलेक्ट्रॉनिक प्रकरण मला मनापासून आवडायला लागलं आहे.

मामी म्हणते पट्टी न विचारता घेतलीत त्याची ही शिक्षा.

तुझा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

मामा

---

१८ मार्च

ती. मामांस नमस्कार.

तुमचं पत्र आज आलं आणि मी जागच्या जागी बसले. कारण कालच त्या मुलीची ईमेल आली होती, आणि कालपासून मला तिचा अर्थच लागत नव्हता.

तिचा प्रबंध परीक्षकांकडे गेला. त्यातल्या एकाने तुमच्या लेखाचा दुवा उघडून पाहिला. तिथे ०.७. या आकड्याने पूल नव्वद वर्षांचा होतो, म्हणजे पुरानंतरचा. तिने लिहिलंय ०.६, आणि तोच आकडा तिच्या म्हणण्याला सोयीचा. परीक्षकांनी लेखी आरोप केला की हिने आकडा मनाने घातला. तिच्याकडे लेखाची प्रत नाही. तिने फक्त दुवा टिपून ठेवला होता, लेख कुठे पळून जाणार आहे म्हणून! समितीने तिला महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली आहे. तोवर ०.६ कुठून आणला हे दाखवता आलं नाही, तर पदवी नाही, आणि नाव कायमचं काळ्या यादीत. तिने मला विचारलंय की तिला भ्रम झाला होता का. मामा, त्या एका ओळीने मला रडू आलं.

मी संगणकवाल्याकडे धावले. नवीन फाईल चढवली की जुनी पुसली जाते, असं त्याने मख्खपणे सांगितलं. मग मुख्य संपादकांकडे गेले. परवलीच्या शब्दाचं कबूल केलं. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. त्यांचं म्हणणं, तुमचा लेख गुपचूप उतरवायचा आणि या विषयावर कुणाला काही लिहायचं नाही, त्रैमासिकाची अब्रू जाईल. मी चार दिवस मागून घेतले आहेत.

तुमच्यावर मी रागावले आहे, हे स्पष्ट लिहिते. चाळीस ग्रंथालयांत चिठ्ठी वरच्या कडेने चिकटवणारा माझा मामा, आणि इथे खालचं पान फाडून नवं लावलंत? चूक दुरुस्त केलीत ते बरोबर. पण कुणाला पत्ता नाही याचा तुम्हाला आनंद झाला, तिथे चुकलात. मीही चुकले, किल्ली तुमच्या हातात दिली.

तुमच्या संगणकात पहिल्या रूपातला लेख कुठे असेल तर ताबडतोब पाठवा. केवळ टाइप केलेला मसुदा नको. तो काल केला की आज, हे परीक्षकांना कसं कळणार? आमच्या संकेतस्थळावरून घेतलेला, तारीख असलेला पाहिजे. आणि नसेल तर तसं कळवा, म्हणजे मला तिला खरं सांगता येईल.

हे पत्र खास टपालाने टाकते आहे. माया आहे म्हणून एवढं बोलले.

टिकली

---

२१ मार्च

चि. टिकलीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी लिहिते आहे, मामांना न सांगता. तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं, घडी करून चष्म्याच्या डबीखाली ठेवलं आणि गच्चीवर जाऊन बसले. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाले. तुझ्या मामांना भूक नाही असं मी फक्त त्यांच्या आईच्या वेळी ऐकलं होतं.

संगणकात काही नाही. त्यांनी तिथेही जुनं पुसून नवं केलं. पण मी छापून आणलेली बावीस पानं घरात आहेत, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तुमच्या संकेतस्थळाचा पत्ता आणि जानेवारीची तारीख आपोआप आलेली आहे. आता ऐक पुढचं. ज्या दिवशी त्यांनी संगणकात आकडे बदलले, त्याच दिवशी माझ्याकडून खळ करून घेतली आणि त्या कागदांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. नेहमीसारख्या, वरच्या कडेने. जुनी खोड. खाली सगळं शाबूत आहे, दुष्काळाचं पाऊण पानसुद्धा. पानं लोखंडी कपाटात, पट्टीशेजारी आहेत. किल्ली माझ्याकडे असते. मी आजच पाठवू शकले असते.

पाठवली नाहीत. का ते सांगते. काल संध्याकाळी ते मला म्हणाले की आयुष्यात एकदा ठिपकेवाल्याला कुणी विद्वान समजलं, आणि आता चौदा देशांत कळणार की याला बायकोची पट्टी तपासता आली नाही. मी म्हटलं, मग त्या पोरीला चोर ठरू द्यायचं का? तर उठून पुन्हा गच्चीवर गेले. त्यांनी स्वतःच्या हाताने पाठवलं पाहिजे, टिकले. मी पाठवलं तर पोरगी सुटेल, पण हा माणूस उरलेली वर्षं माझ्या नजरेला नजर देणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत वाट बघते. नाहीतर मग किल्ली आहेच.

तू वेळेवर जेवत जा. संपादक ओरडला तर ओरडू दे, ओरडून कुणाचं अंग झिजत नाही.

तुझी,
मामी

---

२२ मार्च

चि. टिकलीस आशीर्वाद.

सोबत बावीस पानं खास टपालाने पाठवतो आहे. प्रत्येक चिठ्ठी खाली सोडून एक आणि वर उचलून एक, असे फोटो झेरॉक्सवाल्याकडून काढून सकाळीच ईमेल केले आहेत. हे काम होतं म्हणून ईमेल.

आज सकाळी कपाटाची किल्ली मागितली. मामीने ती आधीच पदराला बांधून ठेवली होती. लगेच सोडून दिली. तुझं पत्र आल्यापासून मी काय करत होतो ते तुला खरं सांगतो. त्या मुलीचं काहीतरी आपोआप निभावेल, परीक्षकाला दया येईल, असं स्वतःला सांगत होतो. लाज वाटते. मला अब्रूची भीती होती, आणि ती तिथे माझ्या चुकीची शिक्षा भोगत होती.

लेख उतरवू नका. उतरवला तर ती पुन्हा खोटी पडेल. माझं एवढं निवेदन अगदी वरती घाला, बारीक अक्षरांत नको. या लेखात वाढ आधी वर्षाला ०.६ मिलिमीटर दिली होती. पहिली पंधरा वर्षं मी टोक घासलेल्या पट्टीने मोजलं, म्हणून ती चुकली. खरी वाढ ०.७ आहे. सात मार्चला मी आकडा कुणालाही न सांगता बदलला आणि जुना पुसला. मोजण्यातली चूक अज्ञानाने झाली, पुसण्याची मी जाणूनबुजून केली, आणि दुसरी मोठी आहे. मधल्या काळात ज्यांनी ०.६ घेतला, त्यांनी तो प्रामाणिकपणे घेतला. यात एक शब्दही कमी करू नकोस. पट्टी बायकोची होती हे मात्र वगळलं आहे, तसा तिचा हुकूम आहे.

संपादकांना स्वतंत्र पत्र लिहिलं आहे की परवलीचा शब्द मी मागून मागून घेतला. माझ्यापायी तुझ्यावर बालंट येऊ नये.

एक गोष्ट त्या मुलीला समजावून सांग. ती खोटी नाही हे या पानांनी ठरेल, पण तिचा पूल नव्वद वर्षांचाच आहे. तिचं म्हणणं माझ्यामुळे पडलं, याचं मला फार वाईट वाटतं.

रागावली असशील तरी लिहीत राहा.

मामा

---

१४ एप्रिल

ती. मामांस आणि मामीस साष्टांग नमस्कार.

आधी शेवट सांगते, नाहीतर मामी मधली पानं सोडून खाली बघेल. मुलीवरचा आरोप मागे घेतला!

तुमचे फोटो आणि नंतर खरी पानं समितीपुढे गेली. ती लिहिते की त्या परीक्षकाने स्वतः एकेक चिठ्ठी उचलून पाहिली, तळाची तारीख वाचली, आणि मग तिची माफी मागितली. पुलाचं प्रकरण तिला नव्याने लिहावं लागणार, सहा महिने जातील. ती म्हणते, पूल नव्वद वर्षांचा तर नव्वद वर्षांचा. पुराने उघड्यावर आणलेल्या लोकांनी दहा वर्षांत दगडी पूल उभा केला, हीसुद्धा लिहिण्यासारखीच गोष्ट आहे. मला ही पोरगी आवडायला लागली आहे.

आमच्याकडे वादळ झालं. मुख्य संपादक निवेदन घ्यायला तयार नव्हते. मी म्हटलं, मग माझा राजीनामा घ्या. तेही छापील लेखांच्या काळातले आहेत. तुमचं पत्र वाचल्यावर त्यांनी स्वतःच निवेदन मागून घेतलं. निवेदन शब्द न बदलता वर गेलं. माझी नोकरी शाबूत, सहा महिने बढतीचं नाव नाही. चालेल. आणि आजपासून आमच्याकडे कुठलाही लेख बदलला तर जुना तारखेसकट खाली राहणार, कुणालाही उघडून पाहता येणार. संगणकवाला जागा नाही म्हणून कुरकुरला, तेव्हा संपादकांनीच त्याला जागा शोधायला लावली.

आता तुम्ही घाबरत होता ते. निवेदनानंतर तुमचा लेख एकवीस देशांत उघडला गेला. हसलं कुणीही नाही. दोन ठिकाणच्या लोकांनी लिहिलं की त्यांनी लगेच आपापल्या पट्ट्या तपासल्या. एकाची खोटी निघाली.

मामा, मी फार बोलले होते. त्यातला एक शब्द मागे घेत नाही, पण तुमची पुन्हा तीच भाची आहे. तुमची माया मला पुरून उरो.

टिकली

---

३ डिसेंबर

चि. टिकलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

आज समुद्रापलीकडून एक जड पाकीट आलं. मामीला वाटलं कुणीतरी फरशी पाठवली. आत त्या मुलीचा प्रबंध, पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं. पदवी मिळाली! सोबत पत्र आहे. त्यांच्या विद्यापीठात आता प्रबंध फक्त इलेक्ट्रॉनिकच घेतात, कागदी प्रत कुणालाच नको असते. तरी तिने मुद्दाम एक बांधून घेतली, एकच, ती आमच्यासाठी. मी विचारलेला फोटोही आत आहे. पूल छोटासाच आहे, पण ठिपका झकास आहे.

एकशे बाराव्या पानावर काय आहे ते कळवायला हे पत्र. पुलाच्या वयाच्या ओळीवर तिने एक चिठ्ठी लावली आहे. वर लिहिलंय नव्वद. उचललं तर खाली छापलेलं एकशे पाच, जसंच्या तसं. एवढ्या प्रतीपुरतं तिने जुनं पान मुद्दाम ठेवलं, आणि चिठ्ठी फक्त वरच्या कडेने चिकटवली.

मी ती चिठ्ठी बरेचदा उचलली आणि खाली सोडली. मामीने येऊन बोट फिरवून पाहिलं, आणि म्हणाली की खळ जरा घट्ट झाली आहे, पोरीला कृती कळवायला हवी. ती मागच्या बाजूला लिहून देते आहे, ती तिला ईमेलने पाठव. नको, पत्रानेच पाठव.

तुझी माया आमच्यावर अशीच असू दे.

तुझा,
ठिपकेवाला मामा